गच्चीवरची फौज

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. मागाखाली सुताचा कचरा साठतो ना, सकाळी झाडून काढला तरी संध्याकाळी पुन्हा मूठभर, तसंच ते. आमच्याकडे ते लॉकडाऊनमध्ये साठले. आणि इतके साठले की आता चार माणसं चहाला बसली की त्यातला एखादा आपोआप बाहेर पडतोच!

आमचं घर बेळगावच्या वडगावात. गल्लीत जवळजवळ घराघरात पॉवरलूम. माग चालू असले की शेजारी बसलेल्याशीसुद्धा ओरडून बोलावं लागतं, त्यामुळे आमच्या गल्लीत वाढलेला माणूस जन्मभर ओरडतच बोलतो. लॉकडाऊनला माग बंद पडले. आवाज मात्र कुणी कमी केला नाही! कुणाचा जावई रुसलाय, कुणाची सून माहेरच्या फोनवर काय सांगते, सगळं आठवड्याभरात जाहीर झालं. मग हळूहळू गल्ली कुजबुजायला शिकली. फक्त चार माणसं सोडून.

या चौघांची बैठक रोज संध्याकाळी आपापल्या गच्चीवर. आमच्या गच्चीवर माझे सासरे, म्हणजे आप्पा. फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झालेले, एकाहत्तरच्या लढाईत अगदी नवे शिपाई. डावीकडच्या गच्चीवर रामूअण्णा, फौजेच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात, आचारी होते. समोर बाबूअण्णा. हे निपाणीकडचे जैन शेतकरी, तरुणपणी फौजेत ट्रक चालवलेले. पणतीच्या बारशाला लेकीकडे आले आणि इथंच अडकून पडले. आणि उजवीकडे आक्का. आक्का कधी फौजेत नव्हत्या, नवरा होता. पण त्यांच्यासमोर आमचे सुभेदारसुद्धा पाठ ताठ करून बसत!

मी शाळेत हिंदी शिकवते. चहा घेऊन वर जायचं आणि कठड्याला टेकून ऐकत बसायचं, एवढंच माझं काम.

* * *

लॉकडाऊन लागल्याबरोबर आप्पांनी गल्लीच्या तोंडाला आडवा बांबू बांधला, खुर्ची टाकली, डोक्यावर फौजेतली जुनी बेरेट टोपी चढवली आणि पहाऱ्याला बसले.

पहिला सापडला दूधवाला. रोजचा माणूस, आमच्याच डोळ्यांसमोर म्हातारा झालेला.

"थम! कौन आता है?"

बिचाऱ्यानं घाबरून चालत्या सायकलवरच दोन्ही हात वर केले. सायकल आडवी, कॅन आडवा, आणि गल्लीतल्या सगळ्या मांजरांना त्या दिवशी लॉकडाऊन म्हणजे सण वाटला!

दुसऱ्या दिवसापासून पासवर्ड सुरू झाला. रोज सकाळी आप्पा गच्चीवर उभे राहून तो जाहीर करायचे. ओरडून. त्यामुळे आमचा गुप्त पासवर्ड पलीकडच्या गल्लीतल्या लोकांनाही पाठ असायचा.

एकदा आक्का भाजी घेऊन परत आल्या, तर बांबू खाली.

"पासवर्ड?"

"कसला पासवर्ड?"

"सकाळी सांगितला न्हवं?"

"मी आंघोळीला गेलते."

"मग सोडता येत न्हाय. नियम म्हंजे नियम."

आक्कांनी पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि मागांवरून जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या सूनबाईनं दिवाळीला माझी परात नेलीया. ती अजून आली न्हाय. हा पासवर्ड चालतोय, का आणि मोठ्यानं सांगू?"

"पास!" म्हणत आप्पांनी बांबू उचलला.

मी परात घेऊन मागच्या दारानं पळत सुटले.

* * *

बाबूअण्णांचं गाव अगदी सीमेवर. घर कर्नाटकात, शेताचा एक तुकडा महाराष्ट्रात. मध्ये एक ओढा, तोही उन्हाळ्यात घोट्याएवढा. लॉकडाऊनमध्ये दोन राज्यांची हद्द बंद झाली आणि त्या ओढ्यावर पोलीस येऊन बसले.

मुलाचा रोज फोन. बाबूअण्णा तो स्पीकरवर टाकत, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच.

"आण्णा, भेंडी जून व्हायला लागल्या. पलीकडं सोडत न्हाईत."

"आणि म्हस?"

"म्हस जाती की! सकाळी सोडली की आपली आपण ओढा ओलांडून जाती, बांधावर चरती, सांच्याला परत. मी ह्या काठाला हुबा."

"मग पोलिसाला इच्यार की, म्हस कशी जाती?"

"इच्यारलं. तर म्हणतोय, तिला पास काढायला सांगू का?"

बाबूअण्णांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "एकाहत्तरला ट्रक घेऊन परदेशात शिरलो. पाठीमागं दारूगोळा भरलेला. येका माणसानं इच्यारलं न्हाय, पास कुठाय म्हणून! आणि आता माझ्या रानातल्या भेंडीला पास?"

"तिकडं पास इच्यारणारी माणसं तुमचा ट्रक बघून पळाली असतील," रामूअण्णा म्हणाले.

"ट्रक बघून न्हाय रं," आप्पा म्हणाले, "अण्णांचं ड्रायव्हिंग बघून!"

* * *

बाबूअण्णांचं आणखी एक. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, मावळल्यावर तोंडात काही घालायचं नाही, हा त्यांचा नेम. निपाणीकडच्या जैन घरात या संध्याकाळच्या जेवणाला अंथऊ म्हणतात. गच्चीवर गप्पा कितीही रंगात आल्या तरी ऊन कलायला लागलं की बाबूअण्णा उठायचे. "येतो रं, अंथऊ."

"अण्णा, लढाईत काय करत होता ओ?" मी एकदा विचारलं.

लढाईत मोठी पंचाईत होती. पुढच्या आघाडीवर जेवण काळोख पडल्यावर वाटायचे. उजेडात कुणी हललं की पलीकडून तोफेचा गोळा यायचा. लंगर मागं, झाडीत. आता करायचं काय? बाबूअण्णांनी आचाऱ्याशी संधान बांधलं. रोज दिवस मावळायच्या आधी हे ट्रकखालून निघायचे, पोटावर सरपटत, उसाच्या सरीतून जावं तसे, झाडीत जाऊन चार चपात्या आणि गूळ खायचे आणि तसेच सरपटत परत.

आघाडीवर एक नवा साहेब आलेला. पंजाबी. त्यानं दुर्बिणीतून हे बघितलं. एक दिवस, दोन दिवस, रोज त्याच वेळेला, भर उजेडात, एक जवान जिवाची पर्वा न करता सरपटत निघालाय! साहेब खूश. त्याला वाटलं, हा आपणहून टेहळणीला जातोय. बोलावून घेतलं, पाठ थोपटली.

"शाबाश! रोज़ किधर जाते हो, जवान?"

बाबूअण्णांचं हिंदी तेव्हा यथातथाच. खोटं बोलायचं नाही, हाही घरचाच नेम. ताठ उभे राहून म्हणाले, "साब, अंथऊ."

साहेब गंभीर झाला.

आणि त्यानं नकाशा उघडला!

* * *

लढाईच्या गोष्टी निघाल्या की आक्का म्हणायच्या, "तुम्ही लढाईवर गेलता. लढाई आमच्या परसात झाली."

एकाहत्तरला आक्का नवी नवरी. नवरा आघाडीवर. सासऱ्यांनी दुसरं महायुद्ध बघितलेलं, त्यामुळे त्यांची खात्री, की बेळगावात विमानतळ आहे, लष्कराची छावणी आहे, म्हणजे पहिला बॉम्ब आपल्या घरावर! त्यांनी परसात चर खणायला घेतला. कंबरेएवढा खोल, लांबलचक. रुंदीला मात्र कमी, कारण मध्ये त्यांचा लाडका शेवगा येत होता.

चर झाला आणि सराव सुरू झाला. सासरे डबा बडवायचे, की घरातल्या सगळ्या बायकांनी हातातलं काम टाकून चरात उडी घ्यायची.

आता आक्कांच्या सासूबाई आणि पलीकडच्या घरातली चुलतसासू, सख्ख्या जावांसारख्या नांदलेल्या, पण एका लग्नातल्या मानाच्या लुगड्यावरून बोलणं बंद. कित्येक वर्षं. एकीनं रांगोळी काढली की दुसरी त्या वाटेनं जायची नाही. पण बॉम्बची भीती दोघींनाही सारखीच! पहिल्यांदा डबा वाजला, तशी पलीकडून चुलतसासू कुंपण ओलांडून धावत आली आणि याच चरात उतरली.

चर अरुंद. दोघी चांगल्या अंगानं. अशा अडकल्या, की हलायला जागा नाही. इतक्या वर्षांनी समोरासमोर.

मग सासूबाई म्हणाल्या, "ते लुगडं काय तसलं भारी नव्हतं."

झालं! सुरू झालं ते थांबेचना. लुगडं, पाटल्या, बारशातला मान, कुणाच्या आईनं कुणाला काय म्हटलं होतं, सगळं निघालं. वर सासरे डबा बडवून सांगतायत, "विमान गेलं! बाहेर या!"

आतून सासूबाई ओरडल्या, "थांबा वो! अजून माझं बोलून व्हायचंय!"

ऊन उतरल्यावर दोघी बाहेर निघाल्या. अंगभर लाल माती, डोळे सुजलेले, आणि एकीचा हात दुसरीच्या हातात. त्या संध्याकाळी चुलतसासू आक्कांच्या घरी जेवली.

"विमान काय आलं न्हाय," आक्का म्हणाल्या, "पण चर वाया न्हाय गेला."

मी विचारलं, "आक्का, तुम्ही एवढ्याशा, नवरा लढाईवर. तुम्हाला भीती नाही वाटली ओ?"

"न वाटाय काय झालं? त्या दोघींच्या मधी मीच अडकलेली की गं!"

* * *

रामूअण्णांनी आयुष्यभर शेकडो माणसांचा स्वयंपाक केला. त्यामुळे थोडकं करणं त्यांच्या हाताला माहीतच नाही. लॉकडाऊनमध्ये त्यांच्या बायकोची कंबर धरली, आणि अण्णा चुलीपुढे उभे राहिले. दुपारी प्रत्येक घरात डाळीची बादली आली.

मी म्हटलं, "अण्णा, दोघांपुरतंच करायचं होतं ना?"

"दोघांपुरतंच केलंय की! म्हणून तर हे पातेलं घेतलं. न्हायतर वर माळ्यावर मोठं हाय!"

पण खरी गोष्ट पुढचीच. मुंबईहून त्यांचा पुतण्या आला, त्याला ताप निघाला, आणि अण्णांनाही क्वारंटाईनला न्यायला ॲम्ब्युलन्स गल्लीत आली. तेव्हाचे दिवस आठवा. ॲम्ब्युलन्स दिसली की लोक खिडक्या लावून घ्यायचे. अण्णांची बायको दारात बसून राहिली, कुणाला जवळ जाता येईना. आप्पा गच्चीवर उभे. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला.

ॲम्ब्युलन्सच्या दारातून अण्णा केवढ्यांदा ओरडले, "आप्पा, हात खाली घ्या! सॅल्यूट मेल्यावर ठोकतेत!"

सगळी गल्ली रडता रडता हसली.

ते दिवस वाईट गेले. संध्याकाळी तिघं गच्चीवर यायचे, पण गोष्ट कुणी काढायचं नाही. आक्का रोज अण्णांच्या बायकोच्या उंबऱ्यावर डबा ठेवून लांबून हाक मारायच्या. अण्णांचा फोन लागायचा नाही. लागला तरी मागं नुसता भांड्यांचा आवाज, आणि "आत्ता कामात हाय, मागनं बोलतो."

क्वारंटाईनमध्ये कसलं काम?

पुतण्याही बरा झाला, अण्णांचा रिपोर्टही चांगला आला, तरी अण्णा येईनात. शेवटी आप्पांनीच तिथं फोन लावला. तिथला माणूस काकुळतीला येऊन म्हणाला, "सर, त्यांना आम्ही कधीच सोडलंय हो. पण बाकीचे पेशंट सोडेनात! म्हणतात, हे गेले तर आम्हीपण जातो."

अण्णा आले ते चांगले गोल होऊन. बायकोनं ओवाळलं, रडली, आणि मग म्हणाली, "आता माझी कंबर बरी हाय. चुलीकडं बघायचं न्हाय."

* * *

माझे ऑनलाईन वर्ग खालच्या खोलीत चालायचे. एकदा आठवीचा तास सुरू असताना आप्पा चष्मा शोधत आले, बनियनवर, आणि थेट कॅमेऱ्यासमोर. मुलांनी ओळखलं. "मॅडम, हे फौजी आजोबा ना? त्यांना युद्धाचं विचारा ना!"

आप्पा बसले. मी शर्ट पुढे केला, तो त्यांनी मांडीवर ठेवला.

"आजोबा, युद्ध सुरू झाल्यावर तुम्ही काय केलं?"

"खड्डे खणले."

"मग?"

"मग हुकूम आला, पुढं चला. म्हणून ते बुजवले."

"मग?"

"पुढं गेलो. तिथं खड्डे खणले."

मुलं जरा नाराज झाली. एका मुलीनं विचारलं, "आजोबा, रणगाडा बघितला का?"

"व्हय की. आमच्याच खड्ड्यात पडलेला. आमचाच होता!"

वर्ग खदखदून हसला. मग एकानं हळूच विचारलं, "भीती वाटली का हो?"

मला वाटलं, आता छाती पुढे काढून काहीतरी सांगतील.

"लई," ते म्हणाले. "शेजारच्या खड्ड्यातनं आवाज यायचा बंद झाला की लई वाटायची."

एरवी गोंगाट करणारा वर्ग, सगळे माईक चालू, तरी शांत.

आप्पाच उठले. "माझा चष्मा कुणी बघितला काय रं?"

तीस-चाळीस मुलं एकदम ओरडली, "आजोबा, डोक्यावर!"

* * *

सलून बंद होऊन फार दिवस झाले होते. बाबूअण्णांचे केस कानावर आलेले, रामूअण्णांना दाढी फुटलेली. एका संध्याकाळी रामूअण्णा म्हणाले, "फौजेत बटाट्यासंगं डोकीबी सोलल्यात मी. या, एकेकाचं उरकतो." मग आप्पांकडे वळून, "तुमची दाढी तेवढी रोजच्या रोज चकाचक. आप्पा, एक इच्यारू काय? सलूनमधीबी तुम्ही केस तेवढे कापून घेता आणि उठता. दाढीला कुणाचा हात लावून घेत न्हाय. का वो?"

मला वाटलं आप्पा विषय टाळतील, पण त्यांनी खुर्ची पुढे ओढून सांगायला घेतलं.

लढाई संपल्यावर त्यांची बदली युद्धकैद्यांच्या छावणीवर झाली होती. तारेच्या आत पाकिस्तानी कैदी, बाहेर पहाऱ्याला हे. कैद्यांत एक न्हावी होता. तिकडच्या फौजेतलाही तो न्हावीच. कैद्यांची डोकी करायला त्याला दिवसा हत्यारं मिळायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची. ती देणं-घेणं आप्पांकडे.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं, "कहाँ के हो, जवान?"

"बेलगाम."

तो हसत सुटला. "बेलगाम! बग़ैर लगाम का घोड़ा!" तेव्हापासून आप्पांचं नावच पडलं. सकाळी तारेजवळून हाक यायची, "ओ बेलगाम! उस्तरा लाना!"

आप्पांची दाढी तेव्हा नुकतीच दाट झालेली, हातानं करताना रोज कुठंतरी कापायचं. एकदा तो म्हणाला, "बैठो. चेहरा है, खेत नहीं है." आप्पा बसले. मग रोजच बसायला लागले. नियमात बसत नव्हतं ते, पण हात असा हलका, की झोप यायची.

एक दिवस साहेब अचानक राऊंडला आला. बघतो तर आपला जवान डोळे मिटून मान वर करून बसलाय, आणि गळ्यावर दुश्मनाचा वस्तरा! साहेब जागच्या जागी किंचाळला.

न्हाव्यानं हातसुद्धा हलवला नाही. म्हणाला, "साहब, गला काटना होता तो साबुन क्यों ज़ाया करता?"

गच्चीवर आम्ही सगळे हसलो. आप्पाही हसले.

"मग शिक्षा?" आक्कांनी विचारलं.

"झाली की. पाठीवर वाळूची गोणी घेऊन मैदानाला फेऱ्या. तो तारेच्या आतनं बघत हुबा. दुसऱ्या दिवशी म्हणाला, माफ़ करना बेलगाम. आणि साबण लावायला घेतला."

त्याला मागं घरी मुलगी झाली होती. छावणीत असताना कळलं. आप्पांनी त्या दिवशी गूळ नेऊन दिला, तो त्यानं सगळ्या बराकीत वाटला. मुलीचं नाव काय ठेवलं ते कळायचं मात्र राहिलं होतं.

मग एका सकाळी आप्पा असेच बसलेले. डावा गाल झालेला, उजव्यावर साबण. एवढ्यात शिट्ट्या वाजल्या. ट्रक येऊन उभे राहिले. कैद्यांना परत पाठवायचा हुकूम. लगेच, आत्ता, जसे असाल तसे. हत्यारं जमा करा, रांगेत उभे राहा. त्यानं वस्तरा पुसला, मिटवून आप्पांच्या हातात दिला आणि पळत गेला.

आप्पा तिथंच उभे, अर्ध्या तोंडाला साबण. ट्रक हलले. धुरळा उडाला. त्या धुरळ्यातून त्याची हाक आली.

"ओ बेलगाम! बाक़ी आधी किसी और से मत करवाना!"

आप्पांनी उजव्या गालावरून हात फिरवला. खाली गल्लीत मागसुद्धा नव्हते आवाज करायला.

"मग?" रामूअण्णांनी विचारलं.

"मग काय," आप्पा म्हणाले, "हातानंच करतोय की अजून."